उद्‌भासन नोंद, छायाचित्रणातील
उद्‌भासन नोंद, छायाचित्रणातील : छायाचित्र घेताना फिल्मवर किती प्रकाश, किती वेळ व कोणत्या परिस्थितीत पडू दिला, याची जागेवरच केलेली लेखी नोंद. भिंगाच्या छिद्राचा आकार आणि झडप उघडी राहण्याचा काल यांवर फिल्मला मिळणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण, म्हणजे उद्‌भासन, अवलंबून असते. अंकीय कॅमेरा हे तपशील चित्राबरोबर आपोआप साठवितो. फिल्मच्या बाबतीत मात्र परिणाम विकासनानंतरच दिसतो व तोपर्यंत तपशील स्मरणातून गेलेले असतात. म्हणून फलित कळण्यापूर्वी केलेली नोंदच विश्वसनीय ठरते.

नोंदीत फिल्मचा प्रकार व वेग, रोल आणि चित्र यांचे क्रमांक, तारीख, वेळ, स्थळ, भिंग, छिद्र, झडपेचा काल व गाळक यांचा समावेश असतो. प्रकाशमापकाने दृश्याचा कोणता भाग मोजला, हेही लिहिणे आवश्यक असते. कारण मोजलेला भाग मध्यम करडा आहे असे गृहीत धरूनच मापक मूल्य दाखवितो. उदा., कल्याणजवळील मोहने येथे उल्हास नदीकाठी ढगाळ दिवशी १०० आयएसओ वेगाच्या फिल्मसाठी काठावरील गवत मोजून एफ/८ व १/१२५ सेकंद असे मूल्य मिळाले, तर दोन गुणकाचा पिवळा गाळक लावल्यावर काल दुप्पट, म्हणजे सु. १/६० सेकंद, द्यावा लागेल. गवताऐवजी चकाकते पाणी मोजल्यास मापक कमी उद्‌भासन सुचवील व काठावरील झाडी काळीठिक्कर येईल. म्हणून मापकाचे मूल्य आणि प्रत्यक्ष दिलेले उद्‌भासन यांची स्वतंत्र नोंद करतात.

अशा नोंदीमुळे दोषाचे कारण शोधता येते. ऋणचित्रातील छायाभागांचा तपशील मुख्यतः उद्‌भासनावर, तर उजळ भागांची घनता बऱ्याच अंशी विकासनावर अवलंबून असते. छायाभाग रिकामे असल्यास उद्‌भासन अपुरे पडले, असे सामान्यतः समजतात. मापन चुकले, गाळकाचा गुणक विसरला की झडप शीघ्र झाली, याचा निर्णय मात्र नोंदीशिवाय करता येत नाही. एक सेकंदाहून दीर्घ उद्‌भासनात अनेक फिल्मांची संवेदनक्षमता घटते. त्यासाठी वाढविलेला कालही लिहून ठेवावा लागतो. एका रोलमधील सर्व चित्रांचे विकासन एकत्र होत असल्याने विकासक, त्याचे तापमान व काल यांची नोंद रोलवार पुरते. सुट्या फिल्मसाठी ती प्रत्येक चित्रामागे करावी लागते.

पुन्हा न घडणाऱ्या दृश्याच्या बाबतीत नोंदीचे महत्त्व विशेष असते. २२ जानेवारी १८९८ रोजीचे खग्रास सूर्यग्रहण सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून पाहण्यासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्बेल यांची पथके आली होती. खग्रास अवस्था सु. दोन मिनिटांचीच होती. सूर्याचा किरीट कडेजवळ तेजस्वी व बाहेर अतिशय मंद असल्याने एकाच उद्‌भासनात तो पूर्णपणे टिपता येत नाही. आतील भागासाठी अल्प व बाहेरील भागासाठी दीर्घ उद्‌भासने द्यावी लागतात. त्या काळी वापरात असलेल्या काचपट्ट्यांवरील प्रतिमांची परस्परांशी तुलना करावयाची, तर प्रत्येक पट्टीचा क्रमांक व काल माहीत असणे अपरिहार्य होते.

नोंद नसल्यास काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या चित्राचे आहे. त्याची तारीख लिहिलेली नसल्याने त्याला निरनिराळी वर्षे दिली गेली. चित्रातील चंद्राच्या स्थानावरून गणित करून १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख १९९१ मध्ये निश्चित करण्यात आली. चित्रात चंद्र होता म्हणूनच हे शक्य झाले; एरवी हरवलेली नोंद चित्रावरून क्वचितच परत मिळते. यासाठी शिसपेन्सिलीने लिहिलेली, रोलचा क्रमांक घातलेली छोटी वही ऋणचित्रांबरोबरच जतन करणे श्रेयस्कर ठरते.