पुलाचा माथा आणि वाक बदलण्याची जागा

दुसऱ्या अवकलजाची कसोटी आज घ्यायची होती. ती पुढच्या आठवड्यावर गेली, कारण बंगळुरूच्या के. आर. पुरममधून एका वाचकाचा प्रश्न आला आहे आणि तो सोडवल्याशिवाय त्या कसोटीला हात लावण्यात अर्थ नाही. ते विचारतात, ‘रेल्वे रुळांवरच्या केबलच्या पुलावरून मी रोज जातो. चढ संपून उतार लागतो तो पुलाचा माथा, हाच इन्फ्लेक्शन पॉइंट ना?’

नाही. माथ्यावर बदलतं ते चढाचं चिन्ह. आपल्याला हवी आहे ती वाक बदलण्याची जागा.

कोणत्याही उड्डाणपुलावर चढताना पाहा. सपाट रस्ता सोडला की चढ शून्यावरून १, २, ३ टक्के असा वाढत जातो. हा उताणा वाक. माथा जवळ आला की चढ ३, २, १ असा घटतो, माथ्यावर शून्य होतो आणि पुढे उणे १, उणे २ होतो. म्हणजे तो सतत घटतोच आहे. माथ्याच्या अलीकडे पालथा वाक, पलीकडेही पालथाच. वाक पालटला तो आधीच, चढ वाढायचा थांबून घटू लागला तिथे, म्हणजे जिथे चढण सर्वांत खडी होती तिथे. उतरतानाही तसंच घडतं. एका पुलाला माथा एक, पण वाकबदल दोन.

आता खरी गंमत. बहुतेक पुलांवर या दोन वाकांमध्ये एकसारख्या चढाचा सरळ पट्टा असतो. त्या पट्ट्यावर प्रत्येक ठिकाणी दुसरा अवकलज, म्हणजे चढ बदलण्याचा दर, शून्य, पण इन्फ्लेक्शन पॉइंट म्हणून त्यातला एकही बिंदू दाखवता येत नाही. पुलाच्या ताणलेल्या केबल सरळ रेषा मानल्या, तर त्यांचंही तेच. म्हणून ‘दुसरा अवकलज शून्य’ एवढ्यावर निकाल देऊ नका. य = क्ष⁴ घ्या. शून्यापाशी दुसरा अवकलज १२क्ष² शून्य होतो, पण दोन्ही बाजूंना धनच राहतो. वाक बदलत नाही. य = क्ष³ मध्ये ६क्ष चिन्ह पालटतो, वाकही पालटतो.

हा क्ष³ रेल्वेच्या फार कामाचा आहे. सरळ रूळ एकदम वर्तुळाकार वळणाला जोडला तर गाडीला हिसका बसेल. म्हणून भारतीय रेल्वे मध्ये संक्रमण वक्र घालते: य = क्ष³ ÷ (६ × त × ल). इथे त ही वळणाची त्रिज्या आणि ल ही संक्रमणाची लांबी. दोनदा अवकलन करा, क्ष ÷ (त × ल) उरतं. वक्रता शून्यापासून सुरू होते आणि क्ष = ल इथे जवळजवळ १ ÷ त होते. डावं वळण असे दोन वक्र जोडून थेट उजव्या वळणाला मिळालं, तर सांध्यावर खरा इन्फ्लेक्शन पॉइंट मिळतो. वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवतात. या सांध्यावर दोन्ही रूळ एका पातळीत येतात आणि पुढे दुसरा रूळ उंचावू लागतो. दुसऱ्या अवकलजाचं चिन्ह इथे जमिनीवर दिसतं.

आठवड्याचा अभ्यास: य = क्ष⁴ − ६क्ष² ही वक्ररेषा काढा. मधला उंचवटा पुलासारखाच दिसेल. त्याचा माथा आणि दोन्ही वाकबदल शोधा आणि प्रत्येक ठिकाणी डावी-उजवी चिन्हं तपासूनच उत्तर लिहा.