वाहितमल संस्करणातील सूक्ष्मजंतूंची वाढ

वस्तीतून गटारांवाटे येणाऱ्या सांडपाण्यातील (वाहितमलातील) कार्बनी पदार्थ खाऊन सूक्ष्मजंतू वाढतात. या वाढीचा वेग आणि अन्न, ऑक्सिजन, तापमान व काल यांच्याशी असलेला त्याचा संबंध यांच्या अभ्यासाला सूक्ष्मजंतूंची वृद्धिगतिकी म्हणतात. वाहितमल तसेच नदीत सोडल्यास हीच क्रिया तेथे घडते. परंतु तीत पाण्यातील ऑक्सिजन संपून मासे मरतात व पाण्याला दुर्गंधी येते. संस्करण केंद्रात ही क्रिया नदीपूर्वीच मर्यादित जागेत व नियंत्रित रीतीने पूर्ण केली जाते.

इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी १९१४ मध्ये सक्रियित गाळ पद्धती मांडली. वाहितमलात हवा खेळवल्यावर तळाशी बसणारा गाळ टाकून न देता पुन्हा वापरल्यास शुद्धीकरणास लागणारा वेळ पुष्कळच कमी होतो, असे त्यांना आढळले. हा गाळ म्हणजे मुख्यतः जिवंत सूक्ष्मजंतूंचे पुंजके होत.

वाढीचे सूत्र : फ्रेंच शास्त्रज्ञ झाक मॉनो (१९१०–७६) यांनी १९४२ मध्ये सूक्ष्मजंतूंच्या वाढीविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. त्यातील संबंध असा मांडता येतो :

वृ = (म × अ) ÷ (क + अ)

येथे वृ हा वाढीचा विशिष्ट वेग, म हा त्याचा कमाल वेग, अ ही अन्नाची संहती आणि क ही वाढीचा वेग कमाल वेगाच्या निम्मा असताना असणारी अन्नाची संहती होय. अन्न विपुल असताना वेग जवळजवळ स्थिर राहतो. ते कमी होत गेल्यास वेगही मंदावतो. म्हणूनच मलिनतेचा अखेरचा अंश काढणे सर्वांत सावकाश होते.

गाळाचे वय : सूक्ष्मजंतू संचात सरासरी जितके दिवस राहतात, त्या काळास गाळाचे वय म्हणतात. रोज एकदशांश गाळ काढून टाकल्यास हे वय १० दिवस होते. म = ३ प्रतिदिन, क = ६० मिग्रॅ./लि. व ऱ्हासाचा वेग ०.०६ प्रतिदिन धरल्यास, चांगल्या मिसळलेल्या टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील विरघळलेल्या अन्नाची संहती गाळाचे वय १ दिवस असता सु. ३३, ५ दिवस असता सु. ६ व १० दिवस असता सु. ३ मिग्रॅ./लि. येते. वय सु. ८ तासांपेक्षा कमी झाल्यास सूक्ष्मजंतू वाढण्यापूर्वीच वाहून जातात व शुद्धीकरण थांबते. अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर करणारे सूक्ष्मजंतू अधिक सावकाश वाढत असल्याने त्यांच्यासाठी गाळाचे वय अधिक ठेवावे लागते. हवेचा पुरवठा खंडित झाला किंवा पुंजके नीट न बसता पाण्याबरोबर निघून गेले, तरीही केंद्र निकामी होते.

महाराष्ट्रातील उपयोग : नागपूर येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (१९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) भारतीय हवामानास योग्य अशा स्थिरीकरण तळ्यांचा अभ्यास केला. नागपूरच्या भांडेवाडी येथील केंद्रात शुद्ध केलेले पाणी कोराडी येथील औष्णिक वीज केंद्रास पुरविले जाते.

सातपुड्यातील मोलगी (ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार) यासारख्या लहान गावी अखंड वीज व कुशल देखभाल यांवर अवलंबून असणाऱ्या पद्धतीपेक्षा तळ्याची पद्धत सोयीची ठरते. तीत सूर्यप्रकाशात वाढणारी शैवले ऑक्सिजन पुरवितात व गाळ परत फिरवावा लागत नाही. मात्र सूक्ष्मजंतू विरळ असल्याने पाणी अनेक दिवस साठवावे लागते. दरडोई रोजची ऑक्सिजन मागणी ४५ ग्रॅ. व तळ्याचा भार दर हेक्टरी रोज २५० किग्रॅ. धरल्यास १,००० लोकांसाठी सु. ०.१८ हेक्टर तळे लागते. डोंगरउतारावर एवढी सपाट जागा मिळणे ही मुख्य अडचण होय. थंडीत वाढीचा वेग घटत असल्याने तळ्याचा आकार हिवाळ्यातील तापमानावरून ठरवितात. ओढ्याकाठच्या वस्त्यांत वरच्या गावाचे सांडपाणी खालच्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात मिसळू शकते. त्यामुळे हा हिशेब आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.