पिकअपला ए/टी टायर घ्यायचे का?



मासेमारी बंदी जवळ आली की जाळ्यांबरोबर गाड्यांचीही कामं निघतात. १ जून ते ३१ जुलै गाडी कमी धावते, म्हणून बरेच जण टायर याच सुमारास बदलतात. यंदा बहुतेकांचा प्रश्न एकच आहे. जाड नक्षीचे 'ऑल टेरेन' टायर, दुकानात ज्यांना ए/टी म्हणतात ते, आपल्या पिकअपला बसवावेत का? गाडी वाळूत रुतायची थांबेल का?

आमचं मत आधीच सांगून टाकतो. तांबड्या मातीचा, चिखलाचा, जांभ्याच्या खडीचा रस्ता तुमच्या रोजच्या वाटेवर असेल तर ए/टी घ्या, उपयोग होईल. नुसत्या वाळूसाठी घेणार असाल तर थांबा, कारण वाळूत टायरच्या नक्षीपेक्षा टायरमधली हवा जास्त काम करते. आणि कुठलाही टायर घ्या, नक्षी बघण्याआधी त्यावरचा वजनाचा आकडा बघा. हा शेवटचा मुद्दा कोणी विचारत नाही, पण गाडी उलटते ती त्यामुळेच.

टायरचे ढोबळ तीन प्रकार. एच/टी म्हणजे डांबरी रस्त्याचा, बारीक नक्षीचा. कंपनीतून बहुतेक गाड्यांना हाच येतो. एम/टी म्हणजे चिखलाचा, मोठमोठे ठोकळे असलेला. तो डांबरावर घुंई घुंई आवाज करतो, लवकर झिजतो आणि आपल्या धंद्याला लागत नाही. ए/टी या दोघांच्या मधला. त्याचे ठोकळे मोठे, खाचा रुंद आणि बहुतेक टायरांची बाजूची भिंतही जरा जाड. रुंद खाचांमुळे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. एच/टीच्या बारीक खाचा मात्र आपल्या चिकट तांबड्या मातीने दोन फेऱ्यांत बुजतात आणि टायर गुळगुळीत होतो. पावसात भाटातल्या वाटेवर गाडी जागच्या जागी फिरते ती यामुळे. जांभ्याच्या धारदार खडीवरही ए/टीची जाड भिंत कामाला येते. भिंतीला चीर गेली तर पंक्चरवाला काही करू शकत नाही, टायर फेकूनच द्यावा लागतो.

आता दुसरी बाजू. ए/टी वजनाला जड, त्यामुळे डिझेल थोडं जास्त जातं. आवाजही वाढतो. ओल्या डांबरावर ब्रेक मारला तर चांगल्या एच/टीच्या मानाने गाडी थोडी पुढे जाऊन थांबते, कारण ठोकळ्यांच्या मधे मोकळी जागा असल्याने तेवढं कमी रबर रस्त्याला टेकतं. ज्यांची गाडी पहाटे मासळी भरून चोर्ला घाटातून बेळगावला जाते त्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं. शंभर किलोमीटर डांबर आणि अर्धा किलोमीटर माती असा हिशोब असेल तर त्या अर्ध्या किलोमीटरसाठी घाटातला ब्रेक कमी करून घेण्यात शहाणपण नाही. तुमच्या गाडीचा आठवड्याचा रस्ता एकदा कागदावर मांडा. डांबर किती, माती किती, हे दिसलं की निम्मा निर्णय तिथेच होतो.

वजनाकडे येऊ. टायरच्या भिंतीवर २१५/७५ आर १५ असं माप असतं आणि त्यापुढे १००एस असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला १०० हा भाराचा आकडा. तो किलोत नसतो, त्याचा तक्ता असतो. १०० म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०५ म्हणजे ९२५, १०९ म्हणजे १,०३० किलो. १०४/१०१ असे दोन आकडे असतील तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी. अक्षर वेगाचं आहे. आपल्या कामाला कुठलंही अक्षर पुरतं, आकडा पुरत नाही.

समजा भरलेल्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलवर १,८०० किलो येतात. म्हणजे एका टायरवर ९००. त्यावर १०० आकड्याचा टायर बसवला तर प्रत्येक टायरवर १०० किलो जादा भार झाला, आणि तोही गाडी उभी असताना. खड्ड्यात आपटली किंवा वळणावर एका बाजूला कलली की त्याहून जास्त. बाजारात मिळणारे बरेच ए/टी हे जीपसारख्या, माणसं नेणाऱ्या गाड्यांसाठी बनवलेले असतात. माप तेच असतं, रिमवर बरोबर बसतात, दिसतात तर फारच दणकट. पण भाराचा आकडा कमी असतो. पिकअपला एलटी लिहिलेला, कंपनीने दिलेल्या टायरइतका किंवा त्याहून जास्त आकड्याचाच ए/टी घ्यायचा. दुकानदार 'चालतंय हो' म्हणाला तरी आकडा स्वतः वाचा.

आपल्या धंद्यात वजन मोजताना एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे बर्फ. आपल्याकडच्या उष्ण हवेत मासळी नीट टिकवायची तर मासळीइतकाच बर्फ लागतो. बिलावर ५०० किलो मासळी असली की बर्फ धरून गाडीत टन होतो. वर क्रेट, ताडपत्री, पुढे बसलेली माणसं. टायरला बिल वाचता येत नाही. एकदा नेहमीसारखी भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या आणि फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून वजन करून घ्या. आलेल्या आकड्याला दोनाने भागा. तेवढा भार एका टायरने पेलायला हवा, आणि वर थोडी सवड हवी. (आणि आकडा गाडीच्या पासिंगपेक्षा जास्त आला, तर तो प्रश्न टायर बदलून सुटणार नाही हेही सांगून ठेवतो.)

आता वाळू. कोरड्या वाळूत चाक रुततं कारण सगळं वजन लहानशा जागेवर येतं. हवा कमी केली की टायर खाली पसरतो, जमिनीला टेकलेला भाग लांब होतो आणि गाडी वर राहते. मोठ्या ठोकळ्यांचा टायर उलट फावड्यासारखा वाळू उकरतो. जास्त रेस दिली की अ‍ॅक्सल टेकेपर्यंत खाली जातो. म्हणून जेटीजवळ रस्त्यावर वाऱ्याने वाळू साचली असेल किंवा खाडीकाठची वाट भुसभुशीत असेल, तर रिकाम्या गाडीच्या टायरमधली हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा, गाडी हळू पण न थांबता न्या, स्टीअरिंग झटक्याने वळवू नका. भरलेल्या गाडीत एवढी हवा काढायची नाही. आधी माल उतरवा. रुतलीच तर रेस देणं लगेच बंद करा, चाकापुढची वाळू हाताने काढा, फळी किंवा झावळ्या घाला आणि जमलं तर आल्या वाटेनेच मागे घ्या.

डांबराला लागण्याआधी हवा परत भरायची. यात आळस चालत नाही. कमी हवेचा टायर भरल्या गाडीखाली दबत-फुगत तापतो, आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ वर वेग घेतला की फुटतो. बारा व्होल्टचा लहान पंप आणि स्वतःचा प्रेशर गेज गाडीत ठेवा. हवा किती भरायची ते दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. टायरच्या भिंतीवरचा आकडा ही वरची मर्यादा आहे, रोज भरायचा आकडा तो नव्हे.

एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सगळं किनाऱ्यापर्यंत पोचणाऱ्या वाटेबद्दल आहे, प्रत्यक्ष किनाऱ्याबद्दल नाही. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला मनाई आहे, ए/टी टायर बसवले म्हणून ती उठत नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात. चाकाखाली वाळू दाबली गेली तर पिल्लांना वर येता येत नाही, आणि चाकोरीत अडकलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. रापणीची जाळी आजवर खांद्यावरून आणि हातगाडीवरून गेली आहेत, तशीच जाऊ द्यावी.

शेवाळलेल्या उताराचंही बऱ्याच जणांनी विचारलं. खरं सांगायचं तर शेवाळाच्या काँक्रीटवर कुठलाच टायर धरत नाही. ठोकळ्यांना रुतायला तिथे जागाच नसते. खराट्याने घासा, कोरडी वाळू टाका, आणि गाडी उभी केली की हँडब्रेकवर भरवसा न ठेवता चाकाला उटी लावा.

मोठ्या मापाचा मोह बऱ्याच जणांना होतो. २१५/७५ आर १५ टायरची उंची सुमारे ७०४ मिलिमीटर भरते, २३५/७५ आर १५ ची ७३४. गाडी वर उचलली जाते फक्त १५ मिलिमीटर, म्हणजे बोटभर. पण वेग दाखवणारा काटा चार टक्के कमी दाखवू लागतो, चढावर गाडी दमते, आणि भरलेली असताना टायर वरच्या पत्र्याला घासू शकतो. अपघात झाला तर विमेवाल्यांना प्रश्न काढायला जागाही मिळते. कंपनीने दिलेलं माप सोडू नका. टाटा एससारख्या छोट्या गाडीला १४५ आर १२ एलटी, ८ प्लाय रेटिंगचा टायर येतो. तिला ए/टी शोधत हिंडण्यापेक्षा याच मापात मागच्या चाकांना खोल नक्षीचा मिळाला तर तोच घ्या.

चारही चाकांना ओढ असलेली गाडी असेल तर चारही टायर एकाच मापाचे, एकाच झिजेचे हवेत. मागच्या चाकांना ओढ असलेल्या पिकअपला चारही एकसारखे हे सगळ्यांत चांगलं. पैसे कमी असतील तर नवी जोडी मागे टाका. एका अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या नक्षी कधीच नको.

घेताना तारीख बघा. भिंतीवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. आपल्या गाड्या धावतात कमी आणि उन्हात उभ्या राहतात जास्त, त्यामुळे नक्षी शिल्लक असूनही रबर कडक होतं, भिंतीला बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली चालत नाही, पण ए/टीची चिखलातली ताकद त्याच्या बरीच आधी संपलेली असते.

खारं पाणी रबराला फारसं काही करत नाही, ते रिमला खातं. टायर जिथे रिमला चिकटतो तिथे गंज धरला की ट्यूबलेसमधली हवा हळूहळू सुटत राहते, आणि आपण पंक्चर शोधत बसतो. नवे टायर बसवताना ती कड घासून, रंग देऊनच बसवायला सांगा, व्हॉल्व्हही नवा टाका. जेटीवरून आल्यावर चाकं आतल्या बाजूनेही गोड्या पाण्याने धुवा. जेटीवर सांडलेल्या डिझेलमध्ये गाडी उभी करू नका, डिझेलने रबर फुगून मऊ पडतं. बंदीच्या काळात गाडी रिकामी करून, हवा पूर्ण भरून ठेवा आणि पंधरा दिवसांनी थोडी पुढे-मागे हलवा.

जुने टायर दुकानदार किरकोळ पैशात मागेल. होडीच्या बगलेला बांधायला लागत असतील तर देऊ नका, पण बांधण्याआधी खालच्या बाजूला दोन-तीन भोकं पाडा. नाहीतर पावसाचं पाणी साठून त्यात डेंग्यूचे डास होतात.