पेटंटलाही असतो ‘सातबारा’, पण...

महाळुंग्याच्या शेतकऱ्याने पीककर्ज काढले, की सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा चढत असे. मुळशी तालुक्यातील हे गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. पलीकडे हिंजवडीचे आयटी पार्क आहे. या पट्ट्यातील लहान सॉफ्टवेअर कंपनीपाशी बहुधा ना जमीन असते, ना यंत्रे. असते ती बौद्धिक संपदा. ती तारण ठेवून कर्ज मिळू शकते का?

कायद्याचे उत्तर होकारार्थी आहे. २००२ च्या सरफेसी कायद्यातील मालमत्तेच्या व्याख्येत पेटंट, कॉपीराइट आणि ट्रेडमार्क येतात. पेटंटचे गहाणखत लेखी असावे लागते आणि त्याची नोंद पेटंट नोंदवहीत होते. हा पेटंटचा सातबाराच म्हणायचा. कर्जदार कंपनी असल्यास बोज्याची नोंद ३० दिवसांत कंपनी निबंधकांकडेही करावयाची असते.

बँका बिचकतात त्या पुढच्या प्रश्नावर : कर्ज थकले तर हे विकत कोण घेणार? पेटंटचे आयुष्य २० वर्षांचे. मधेच नूतनीकरण शुल्क थकले, तर तारणच नाहीसे होते. सॉफ्टवेअरचे आणखी अवघड. नोकरीतील कर्मचाऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम सहसा कंपनीचा ठरतो. बाहेरच्या कंत्राटदाराकडून लिहून घेतला असेल, तर हक्क लेखी हस्तांतरित झाला आहे का, हे तपासावे लागते.

किंगफिशर एअरलाइन्सच्या प्रकरणात बँकांचे हात चांगलेच पोळले. स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालील बँकांकडे या कंपनीचे ट्रेडमार्क तारण होते. एकेकाळी त्यांचे मूल्यांकन सुमारे ४ हजार १०० कोटी रुपये झाले होते. २०१२ मध्ये विमाने जमिनीवर आली. एप्रिल २०१६ मध्ये बँकांनी ३६६.७० कोटींच्या राखीव किमतीवर ट्रेडमार्क लिलावात काढले, तेव्हा एकही बोली आली नाही. किंमत उतरवूनही ग्राहक फिरकला नाही. विलेपार्ल्याचे ‘किंगफिशर हाउस’ही अनेक लिलावांत पडून राहिले; मात्र २०२१ मध्ये ते ५२.२५ कोटींना विकले गेले. उडणाऱ्या विमानावरचे नाव आणि बंद पडलेल्या कंपनीचे नाव यांत हा फरक पडतो. कर्जदार बुडतो, त्याच वेळी असे तारणही बुडते.

त्यामुळे पेटंट बहुधा जोडतारण म्हणूनच स्वीकारले जाते. मुख्य तारण उद्योजकाचा फ्लॅट. फ्लॅटही नसेल, तर सूक्ष्म व लघुउद्योगांसाठीच्या पतहमी योजनेचा मार्ग उरतो. १ एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा ५ कोटींवरून १० कोटी रुपये करण्यात आली आहे.