संगणकाला घाम येत नाही!

मे महिना आला की वर्तमानपत्रात दोन नावं हमखास वाचायला मिळतात, चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की बातमी पक्की! ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडली की आपलं आरमोरी. ऊन काही पूल बघून थांबत नाही, त्यामुळे आरमोरीतही दुपारी बाराला रस्ते ओस पडतात. माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळतात, गुरं झाडाखाली बसून रवंथ करतात. म्हणजे उन्हात काम कमी करायचं, हे जनावरालाही कळतं. पण घरातल्या संगणकाला मात्र नेमकं याच दिवसांत जास्त जुंपलं जातं. सुट्ट्या असतात ना! खेळ चालू असतात. आणि मग एखाद्या दादाला वाटतं, याचा वेग आणखी थोडा वाढवला तर?

असा वेग वाढवण्याला म्हणतात ओव्हरक्लॉकिंग. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो ठोक्यावर चालतो, अगदी लेझमीच्या ताफ्यासारखा. हलगीचा एक ठोका, एक पाऊल. ३.६ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३६० कोटी ठोके! कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा हे ठोके वाढवले की झालं ओव्हरक्लॉकिंग. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर यासाठी जगभर गाजला. ३०० मेगाहर्ट्झचा हा गडी हौशी मंडळींनी ४५० वर पळवला होता.

मग गंमत बिघडते कुठे? ती बिघडते उष्णतेपाशी.

ठोका वाढला की ताप चढतो

प्रोसेसरमध्ये कोट्यवधी इवल्या कळी असतात, त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. प्रत्येक वेळी कळ चालू-बंद होताना थोडी वीज खर्च होते आणि तिची उष्णता होते. हिशेब सोपा आहे. ठोके जितक्या पटीने वाढतील, तितक्या पटीने उष्णता वाढते. पण जास्त वेगाने पळताना प्रोसेसर अडखळू नये म्हणून त्याचा व्होल्टेजही वाढवावा लागतो. आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते!

करा बघू गणित. ठोके २० टक्के वाढवले, म्हणजे १.२ पट. व्होल्टेज १० टक्के वाढवला, म्हणजे १.१ गुणिले १.१ बरोबर १.२१ पट. दोन्हींचा गुणाकार १.४५. म्हणजे वेग मिळाला २० टक्के आणि ताप चढला ४५ टक्के. सौदा महाग पडला की नाही?

डेस्कटॉपमधले बरेच प्रोसेसर ६५ ते १२५ वॅटचे असतात. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब आठवून बघा. पेटलेला असताना त्याला हात लावायची सोय नसे. तेवढी उष्णता इथे अंगठ्याच्या नखापेक्षा थोड्याच मोठ्या तुकड्यातून बाहेर पडते.

बशीतला चहा

ही उष्णता बाहेर काढायला प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा बसवतात. त्याला हीट सिंक म्हणतात. आजोबा गरम चहा बशीत ओततात तो का? पसरला की हवेला जास्त जागा मिळते आणि चहा लवकर निवतो. पात्यांचं कामही तेच. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्या मध्ये हवेची फट राहू नये म्हणून पेस्टचा पातळ थर लावतात. हवा उष्णता नीट जाऊ देत नाही. म्हणून तर थंडीत जाड गोधडी ऊब देते! ठोकळ्यावर पंखा असतो, तो तापलेली हवा ढकलून नवी हवा आणतो.

आता नीट लक्ष द्या. पंखा थंडी तयार करत नाही. आपल्याला पंख्याखाली गार वाटतं ते घामामुळे. वाऱ्याने घाम वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी गार होतं तेही असंच, पाझरून आणि वाळून. प्रोसेसरला ना घाम, ना पाझर. खोलीतली हवा ४२ अंश असेल, तर कितीही मोठा पंखा लावा, प्रोसेसर ४२ च्या खाली येणार नाही. प्रत्यक्षात तो बराच वर राहतो.

डिसेंबरचा वीर, मे महिन्यात आडवा

समजा, एका संगणकाचा प्रोसेसर भरपूर काम करताना खोलीच्या तापमानापेक्षा ३६ अंशांनी जास्त तापतो. डिसेंबरमध्ये खोली २० अंश. २० अधिक ३६, झाले ५६. झकास! म्हणून दादाने वर सांगितलेलं ओव्हरक्लॉकिंग केलं. ताप १.४५ पट झाला, म्हणजे ३६ चे झाले सुमारे ५२. आता २० अधिक ५२, एकूण ७२. तरीही ठीकच. दादा खूश.

पण तीच खोली मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली ४२ अंशांवर जाते. ४२ अधिक ५२, झाले ९४! आजच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची शेवटची मर्यादा ९० ते १०० अंशांच्या दरम्यान असते. ही लक्ष्मणरेषा ऋतू पाहून सरकत नाही. मूळ वेगावरच ठेवला असता, तर तोच प्रोसेसर ७८ वर राहिला असता. थंड देशातल्या कुणी सांगितलेले आकडे आरमोरीत जसेच्या तसे का चालत नाहीत, ते कळलं ना?

मर्यादा गाठली की हल्लीचे प्रोसेसर आपणहून वेग कमी करतात. म्हणजे वेगासाठी केलेली खटपट पाण्यात! तरीही ताप वाढला तर संगणक धाडकन बंद होतो आणि न जपलेलं काम जातं. सतत जास्त ताप आणि जास्त व्होल्टेज सोसून प्रोसेसरचं आयुष्यही घटतं. घरच्यांनी पैसे साठवून घेतलेला संगणक असेल, तर ही जोखीम लहान नाही.

मग काय करायचं?

आधी मोजा. कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूमॉनिटर यांसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये तापमान दिसतं. जड काम चालू असताना ८० च्या आत असेल तर उत्तम. ८० ते ९० मध्ये लक्ष ठेवा. ९० च्या पुढे गेलं तर वेग खाली आणा. आपल्या प्रोसेसरची नेमकी मर्यादा कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. आणि परीक्षा घ्यायची ती मे महिन्यात, दुपारी तीन वाजता!

पात्यांत अडकलेली धूळ काढा. पण आधी संगणक बंद करून प्लग काढायचा, आणि सोबत मोठं माणूस हवं. संगणक भिंतीला चिकटवून किंवा बंद कपाटात ठेवू नका. कूलरमुळे खोली गार झाली तर फायदाच, पण त्याचे तुषार संगणकावर नकोत. बर्फ तर मुळीच नको. थंड पाण्याच्या पेल्याबाहेर जमतं तसं दव आत जमलं, तर शॉर्टसर्किट व्हायला वेळ लागत नाही.

तुम्ही म्हणाल, मग जगात विक्रम होतात ते कसे? २०२२ साली एका प्रोसेसरने ९ गिगाहर्ट्झचा टप्पा ओलांडला. पण त्याला गार ठेवायला द्रवरूप हेलियम वापरला होता, शून्याखाली सुमारे २६९ अंशांचा! तो काही मिनिटांचा खेळ, रोजचा संसार नव्हे. रोज राबणाऱ्या यंत्राची गोष्ट वेगळी. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ पासून ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे. त्याच्या प्रोसेसरची उष्णता वाहून न्यायला नळ्यांतून द्रव फिरवतात. १९९१ साली पहिला ‘परम’ पुण्यात सी-डॅकमध्ये तयार झाला, तो अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावच्या डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली. म्हणजे उन्हाळा काय असतो, हे पुरतं ठाऊक असलेला माणूस!

आता एक प्रयोग. शाळेतून दोन सारखे तापमापक मागून घ्या. एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळा, दुसरा कोरडाच ठेवा. दोन्ही पंख्यासमोर दहा मिनिटं धरा. ओल्याचा पारा खाली येईल, कोरड्याचा जागचा हलणारही नाही. तो कोरडा तापमापक म्हणजे आपला प्रोसेसर. वेग वाढवायला निघालेल्या दादाला हा प्रयोग आधी दाखवा, आणि मग म्हणा, “आता डिसेंबरपर्यंत थांब!”