यंत्र आपले, पण सिम कोणाचे?



या पानावर आम्ही एरवी बेणेमळा, हुमणी, पाचट, खोडव्याची निगा असे विषय घेतो. या खेपेस विषय नखाएवढ्या वस्तूचा आहे. मोबाईलचे सिम. शेतकी खात्याला हा उद्योग कशाला, असे कोणी विचारील. पण गेल्या उन्हाळ्यातील एक हकीकत वाचावी, म्हणजे तसे वाटणार नाही.

आमच्या गटातील एक वडीलधारे सभासद, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, मे महिन्यात लग्नकार्यासाठी परगावी गेले. विहिरीवर त्यांनी मोबाईल स्टार्टर बसवून घेतला होता. वीज आली की फोनवर निरोप येई, तात्या बटण दाबीत, मोटार सुरू होई. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन साप-बिबट्याच्या भीतीत विहीर गाठणे थांबले होते. परगावी दोन दिवस निरोप आले, मग बंद झाले. तात्यांना वाटले, वीजच आली नसेल. आठ दिवसांनी येऊन बघतात तो सरीला भेगा पडलेल्या आणि दोन एकर खोडव्याची पाने सुरळी झालेली.

"साहेब, पेटी धडधाकट हाय, दिवा बी लागतुया, पन बोलतच न्हाई," तात्या आम्हाला म्हणाले. पाणी दिल्यावर पाला हिरवा झाला. पण माळाच्या जमिनीत ऐन उन्हाळ्यात खुंटलेली वाढ कोणी भरून देत नाही.

पेटी उघडून पाहिली. बिघाड काहीच नव्हता. आतले सिम पट्टीवर डाग देऊन पक्के बसवलेले होते आणि ते विक्रेत्याच्या खात्यावर होते. विक्रेत्याने तो धंदा सोडला, बिल थकले, सिम बंद झाले. तात्यांना त्याचा नंबरही ठाऊक नव्हता. दुसरे सिम घालावे, तर खाचच नाही. शेवटी नवी पेटी घ्यावी लागली. शेजारच्या बांधावरील सभासदाचा जुना स्टार्टरही त्याच उन्हाळ्यात मुका झाला होता. त्यात साधे सिम होते, स्वतःच्या नावचे. त्यांनी ते काढले, कोरड्या फडक्याने पुसले, पुन्हा बसवले. दहा मिनिटांत मोटार चालू.

येथे आमचीही चूक कबूल केली पाहिजे. आदल्या वर्षीच्या शिवारफेरीत "पक्के बसवलेले सिम घ्या, धूळ लागत नाही, चोरीला जात नाही," असे आम्हीच सांगितले होते. सांगितले ते खोटे नव्हते, अर्धे होते. उरलेले अर्धे सांगण्यासाठी हा लेख.

सिम करते काय?

सिम म्हणजे ओळखपत्र. आपला जसा सभासद क्रमांक, तसा सिमच्या आत बहुधा पंधरा आकडी क्रमांक असतो. पहिले तीन आकडे देशाचे, भारताचे ४०४ किंवा ४०५. त्याच्याबरोबर एक गुप्त किल्ली असते. टॉवर एक आकडा पाठवतो, सिम त्या किल्लीने हिशेब करून उत्तर पाठवते. उत्तर जुळले तर आत प्रवेश. किल्ली स्वतः सिमच्या बाहेर कधी पडत नाही. पहिली सिमकार्डे १९९१ साली जर्मनीतील म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरिएंट या कंपनीने फिनलंडमधील रेडिओलिन्या या मोबाईल कंपनीसाठी तयार केली. तेव्हा ती फोनसाठी होती. आज तीच ओळख स्टार्टर, ट्रॅक्टरवरचा जीपीएस, हवामान केंद्र, जमिनीतील ओलावा मोजणारा दांडा अशा जगभरच्या यंत्रांत बसली आहे. फोन माणसाच्या खिशात असतो, बंद पडला की लगेच कळतो. यंत्र रानात एकटे असते. सगळा फरक येथून सुरू होतो.

सिमचे प्रकार

पहिला प्रकार साध्या प्लॅस्टिकच्या सिमचा. आकार २५ बाय १५ मिलिमीटरपासून लहान होत १२.३ बाय ८.८ मिलिमीटरवर आला आहे. गुण असा की काढता येते, बदलता येते, स्वतःच्या नावावर घेता येते. दोष असा की धुळीने, दमटपणाने, मोटारीच्या हादऱ्याने संपर्क सुटतो.

दुसरा प्रकार पट्टीवर पक्क्या बसवलेल्या सिमचा. सहा बाय पाच मिलिमीटरची ही चकती उणे ४० ते १०५ अंश सेल्सिअस तापमानात टिकेल अशी बनवतात. उन्हात तापणाऱ्या लोखंडी पेटीला ती चांगली. युरोपात ३१ मार्च २०१८ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना, अपघात होताच आपोआप ११२ क्रमांकाला फोन लावणारी यंत्रणा सक्तीची आहे. तसल्या कामाला धक्क्याने निसटणारे सिम चालत नाही.

तिसरा प्रकार ई-सिम. येथेच आपली फसगत होते. पक्के बसवलेले प्रत्येक सिम ई-सिम नव्हे. पक्के बसवणे ही झाली चकतीची ठेवण. ई-सिम म्हणजे चकती तीच ठेवून तिच्यातील कंपनीची नोंद दुरून बदलण्याची सोय. सात-बाऱ्यावर फेरफार होतो तेव्हा जमीन हलत नाही, नाव बदलते, तसेच हे. तात्यांची चकती पक्की होती, पण तिच्यात फेरफाराची सोय नव्हती.

हा फेरफार तीन रीतींनी होतो. फोनमध्ये माणूस स्वतः चौकोनी ठिपक्यांचा कोड टिपून तो करतो. मोटारगाड्यांसारख्या यंत्रांत दुरून केंद्राचा हुकूम येतो, पण त्यासाठी कंपन्यांना आपापसांत बरीच जोडणी करावी लागते. ज्या यंत्राला पडदा नाही, माणूस जवळ नाही आणि बॅटरी जपून वापरायची आहे, त्याच्यासाठी मोबाईल कंपन्यांच्या जीएसएमए या जागतिक संघटनेने २०२३ साली तिसरी, सुटसुटीत रीत ठरवून दिली. आपल्या रानातील यंत्रे या तिसऱ्या जातीची आहेत. एक मात्र ध्यानात धरावे. नवी नोंद आणायलाही थोडी रेंज व चालू सिम लागते. बोअरला पाणी लागायच्या आधी विहीर बुजवू नये, त्यातलाच हा प्रकार.

चौथा प्रकार म्हणजे वेगळी चकतीच नाही. यंत्राच्या मुख्य चिपमध्येच सिम सामावलेले. जागा व वीज दोन्ही वाचतात. तेथेही विचारायचे तेच, नोंद कोणाच्या ताब्यात?

परदेशी सिम म्हणजे गेटकेन

बाहेर देशात बनलेल्या काही यंत्रांत तिकडचेच सिम असते आणि ते येथे रोमिंगवर चालते. विक्रेता म्हणतो, "जिथं रेंज मिळेल ती कंपनी पकडतं." बऱ्याच सिमच्या बाबतीत ते खरेही असते, आणि दरीखोऱ्यातील रानाला त्याचा फायदा होतो. पण आपण कारखानदार सभासद आहोत, आपल्याला हे एका शब्दात कळेल. हा गेटकेन ऊस आहे. करार आहे तोवर गाळप होते. करार मोडला की गाडी गेटवर उभी.

शिवाय कायदाही आडवा येतो. जगात सर्वांत जास्त ऊस पिकवणाऱ्या ब्राझीलमध्ये परदेशी सिमवर यंत्र कायम रोमिंगमध्ये ठेवू देत नाहीत. तुर्कस्तानातही बंधने आहेत. आपल्याकडे 'ट्राय'ने मार्च २०२४ मध्ये शिफारस केली की, आयात यंत्रातील ई-सिमवरील परदेशी नोंद सहा महिन्यांत, किंवा यंत्राची मालकी बदलली तर त्याआधीच, भारतीय कंपनीच्या नोंदीत बदलावी. म्हणून आयात यंत्रात दुरून बदलणारे ई-सिम असेल तर निभावते, नुसते परदेशी पक्के सिम असेल तर पुढेमागे यंत्रच अडून बसते.

सिम चांगले, पण रेडिओ जुना

आणखी एक गोष्ट. सिम ही ओळख, पण बोलणारा भाग म्हणजे आतला रेडिओ. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये टू-जी आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये थ्री-जी बंद केले. तेवढेच समजणारी यंत्रे तेथे मुकी झाली, सिम कितीही भारी असले तरी. आपल्याकडे जिओची सेवा २०१६ साली सुरू झाली तीच फोर-जीवर, तिच्याकडे टू-जी नाही. एअरटेलने २०२० साली थ्री-जी बंद केले, पण टू-जी ठेवले. तेव्हा स्वस्तात मिळतो म्हणून फक्त टू-जीचा स्टार्टर घेणे म्हणजे आपल्या हाताने कंपन्यांची निवड कमी करून घेणे.

घेण्यापूर्वी विचारा

मोबाईल स्टार्टर, ओलावा मापक किंवा ट्रॅक्टरचा जीपीएस घेताना पैसे मोजण्याआधी पाच प्रश्न विचारावेत.

१) सिम कोणाच्या नावावर? त्याचा नंबर लेखी मिळेल का?
२) वर्गणी कोण भरणार, किती, आणि मुदत केव्हा संपते?
३) सिम काढता येते का? येत नसेल तर कंपनी दुरून बदलता येते का, आणि ते करून कोण देणार?
४) आतला रेडिओ फोर-जीचा आहे का?
५) विक्रेता उद्या दुकान बंद करून गेला तर यंत्र चालू ठेवायची वाट काय?

पाचव्या प्रश्नावर विक्रेता घुटमळला, तर यंत्र तेथेच ठेवून यावे. आमचे आजचे मत असे: एका विहिरीवरच्या एका स्टार्टरला स्वतःच्या नावचे साधे सिम, झाकणाला रबर बसवून, पुरेसे आहे. पाच-पन्नास यंत्रे एकदम बसवणाऱ्या पाणीवापर संस्थेने मात्र दुरून बदलणारे ई-सिमच घ्यावे आणि करार संस्थेच्या नावे करावा. एकेका पेटीपर्यंत चालत जाऊन सिम बदलणे तेथे परवडत नाही.

शेवटी एक साधी सवय. परगावी जाताना शेजाऱ्याला सांगून जावे. पेटीचा निरोप दोन दिवस आला नाही तर 'वीज नसेल' असे समजू नये, फोन करून विहिरीवर कोणाला तरी पाठवावे. तात्यांनी आता पाहुण्यांकडे जाताना किल्ली पुतण्याकडे द्यायला सुरुवात केली आहे.

ज्यांच्याकडे अशी यंत्रे आहेत त्यांनी पावती व पेटीचा नंबर घेऊन गट ऑफिसात यावे. सिम कोणाच्या नावावर आहे, मुदत केव्हा संपते, हे आम्ही विक्रेत्याकडे चौकशी करून वहीत टिपून देऊ. उसाच्या नोंदीबरोबर ही नोंदही पुढचा उन्हाळा लागण्यापूर्वी करून घ्यावी, ही विनंती.

आपले,
ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग