जुन्या कंदिलाला एलईडीचा नवा उजेड
- प्रतिनिधी

पवना किंवा भंडारदरा जलाशयाच्या काठी तंबू ठोकून रात्र काढण्याची हौस शहरी मंडळींमध्ये चांगलीच रुजली आहे. अशा सहलींसाठी सेलवर चालणारा जुना कंदील माळ्यावरून खाली उतरतो खरा. पण त्याचा पिवळसर मिणमिणता उजेड आणि सेलचा वाढता खर्च पाहून तो बहुधा भंगारात जातो. वास्तविक कंदिलाचा सांगाडा, काच आणि सेलचा खण धडधाकट असतो. कालबाह्य झालेला असतो तो केवळ आतला बल्ब. तेवढा बदलला, तर हाच कंदील पुन्हा उपयोगात येऊ शकतो.

बल्बचे दुखणे

चार मोठ्या सेलवर चालणाऱ्या कंदिलात साधारणपणे अर्धा अ‍ॅम्पिअर प्रवाह घेणारा तारेचा बल्ब असतो. तो सुमारे अडीच वॅट वीज खाऊन जेमतेम २५ ते ३० ल्युमेन प्रकाश देतो. उरलेल्या विजेची जवळजवळ सगळी उष्णताच होते. उलट चांगल्या प्रतीचा एलईडी एका वॅटमध्ये १०० ल्युमेनच्या आसपास प्रकाश देतो. म्हणजेच निम्म्याहून कमी विजेत तिप्पट उजेड मिळतो.

या किमयेमागे निळ्या एलईडीचा शोध आहे. शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी सिद्ध केला आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन पांढरा प्रकाश मिळवण्याचा मार्ग खुला झाला. या शोधासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

गणित व्होल्टचे

जुन्या होल्डरमध्ये बसणारे तयार एलईडी बल्बही मिळतात. हा सर्वांत सोपा उपाय होय. मात्र बल्ब किती व्होल्टसाठी आहे, हे पाहूनच तो घ्यावा. शिवाय एलईडीला धन आणि ऋण अशी निश्चित टोके असतात. सेल उलटे बसले, तर तारेचा बल्ब लागतो; एलईडी लागत नाही.

स्वतः एलईडी बसवायचा असल्यास थोडे गणित करावे लागते. एक वॅटच्या पांढऱ्या एलईडीला सुमारे ३.१ व्होल्ट दाब आणि ३०० मिलिअ‍ॅम्पिअर प्रवाह पुरतो. चार सेलचा दाब सहा व्होल्ट होतो. एलईडी थेट जोडला, तर प्रवाह आवाक्याबाहेर वाढून तो जळतो. म्हणून मध्ये रेझिस्टर घालावा लागतो. सहा व्होल्टला दहा ओहमचा रेझिस्टर चालतो. पण त्यात जवळपास निम्मी वीज वाया जाते.

त्यापेक्षा तीन सेलवर काम भागवणे किफायतशीर ठरते. चौथ्या सेलच्या जागी तितक्याच लांबीचा धातूचा तुकडा बसवावा. साडेचार व्होल्टमधून एलईडीचे ३.१ व्होल्ट वजा केले, की १.४ व्होल्ट उरतात. त्याला ०.३ अ‍ॅम्पिअरने भागले असता ४.७ ओहम हे उत्तर मिळते. या मापाचा, एक वॅट क्षमतेचा रेझिस्टर बाजारात सहज मिळतो. पाठीवरचे एका सेलचे ओझे कमी होते, हा आणखी एक लाभ. मात्र नंतर कुणी विसरून चौथा सेल घातला, तर प्रवाह दुप्पट होऊन एलईडी निकामी होईल. त्यामुळे खणावर तशी चिठ्ठी चिकटवलेली बरी.

रेझिस्टरऐवजी प्रवाह स्थिर राखणारा 'ड्रायव्हर' बसवल्यास वीज आणखी वाचते आणि उजेड शेवटपर्यंत एकसारखा राहतो. पण सेल संपत आल्याची पूर्वसूचना बहुधा मिळत नाही. दिवा एकाएकी विझतो. रेझिस्टरवरचा दिवा हळूहळू मंदावत जातो. आडवाटेवर, दरीच्या कडेला तंबू असताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

उष्णता आणि 'दिव्याखाली अंधार'

एलईडीचा प्रकाश थंड वाटत असला, तरी त्याची पाठ तापते. ही उष्णता वाहून नेली नाही, तर त्याचे आयुष्य घटते. त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेला एलईडी घ्यावा आणि ती चकती उष्णतावाहक पेस्ट लावून मोठ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर घट्ट बसवावी.

दुसरी अडचण दिशेची. तारेचा बल्ब चहूकडे प्रकाश फेकतो. एलईडी मात्र समोरच. तो नुसता वर तोंड करून बसवला, तर तंबूचे छत उजळते आणि खाली अंधारच राहतो. त्यावर शंकूच्या आकाराचा चकचकीत परावर्तक टांगावा किंवा दुधी प्लास्टिकचे आवरण घालावे. प्रकाशाची छटाही पाहून घ्यावी. ३००० केल्विनच्या आसपासचा पिवळसर प्रकाश डोळ्यांना सुखावतो आणि निळसर प्रकाशाच्या तुलनेत त्याकडे किडे कमी येतात. भंडारदरा परिसरात काजवे पाहायला जाणाऱ्यांनी मात्र कोणताही दिवा विझवलेलाच बरा; कृत्रिम प्रकाशाने काजव्यांच्या मीलनात बाधा येते.

सावधगिरी हवीच

हे सारे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर व पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळतात. सोल्डरिंगचा सराव असणाऱ्यास हे काम तासा-दोन तासांचे आहे. तथापि, घरातल्या विजेवर चार्ज होणाऱ्या दिव्याचा चार्जिंगचा भाग अनुभवाशिवाय उघडू नये. लिथियमचे सेल साध्या सेलच्या खणात कधीही घालू नयेत. त्यांचा दाब दुपटीहून अधिक असतो आणि संरक्षक सर्किटविना ते पेट घेऊ शकतात.

दुरुस्त केलेला कंदील थेट सहलीला नेऊ नये. आधी घरी दोन-तीन तास सलग पेटता ठेवून तो किती तापतो, हे पाहावे. आणि संपलेले सेल जलाशयाच्या काठी टाकून न देता परत आणावेत. देशात २०२२ मध्ये बॅटरी कचऱ्याविषयी लागू झालेल्या नियमांनी असे सेल गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण ते डोंगरातून खाली आणण्याची जबाबदारी ज्याच्या हाती कंदील आहे, त्याचीच राहते.